बॅटरी उतरल्यावर ट्रकच्या मीटरमधले दिवे जात नसतील तर: तपासणीचा क्रम

कापसाचा हंगाम सरला की वणी, पांढरकवडा, हिंगणघाट भागातले कितीतरी ट्रक भाड्याविना उभे राहतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, बॅटरीतलं पाणी आटतं आणि जीपीएस मात्र रात्रंदिवस थोडाथोडा करंट ओढत राहतो. पुढे खत-बियाण्याचं भाडं आलं की सेल्फ नुसता टक्‌ टक्‌ करतो. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून इंजिन चालू होतं, पण मीटरमध्ये एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), चेक इंजिन, युरिया (धूर साफ करणारा द्रव) असे दिवे एकदम पेटलेले असतात. मग कुणी सेन्सर गेला म्हणतं, कुणी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. व्होल्टेज जागेवर येईपर्यंत या दिव्यांवरून एकही पार्ट बदलू नका.

इंजिन, ब्रेक आणि युरिया यांचे कंट्रोलर वेगवेगळे असतात आणि ते सतत एकमेकांशी बोलत असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळला की त्यातला एखादा मधेच बंद होऊन पुन्हा चालू होतो. तेवढ्यात बाकीचे ‘याचा निरोप आला नाही’ अशी तक्रार नोंदवतात. पार्ट सगळे धड असतात, तरी दिवा पेटतो.

आधी हे तीन दिवे बघा

ऑइल प्रेशर, इंजिनचं तापमान आणि एअर प्रेशर. हे बॅटरीच्या खात्यावर कधीच टाकू नका. इंजिन चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला नाही, तर इंजिन लगेच बंद करा. तापमानाचा पेटला तर गाडी बाजूला घ्या. बरेच दिवस उभ्या गाडीच्या टाकीतली ब्रेकची हवा उतरलेली असते, म्हणून एअरचा दिवा आणि बझर सुरुवातीला चालू राहणारच. पण तो बंद होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, मागे हमाल कितीही घाई करोत.

मग बॅटरी मोजा

पेटलेल्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे मिस्त्रीला तोच उपयोगी पडतो.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. साधा मल्टिमीटर घ्या आणि इंजिन बंद करून काही तासांनी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.०च्या जवळ म्हणजे जवळपास रिकामी. एक १२.६ आणि दुसरी ११.८ दाखवत असेल तर दुखणं सापडलं. टेप, पंखा, मोबाइल चार्जर यांच्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यामुळे ती एकटी उतरते, आणि चार्जिंग दोघींना मिळून असल्यामुळे दुसरी जास्त तापते. वायर काढून टाका आणि २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. बॅटरी बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या घ्या.

चार्जिंग सावकाश करा. १२० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला १२ अँपिअर पुरेसे आहेत. गावापासून जिनिंगपर्यंतच्या एका फेरीत उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, भरत नाही. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं किंवा आरओचं नको. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळपास विडीसुद्धा पेटवू नका.

टर्मिनल आणि अर्थिंग

चार्ज केलेली बॅटरी जोडूनही दिवे राहिले, तर माझा पहिला संशय इथेच असतो. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. पांढरा-हिरवा थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

मग बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बघा. काळ्या मातीचा चिखल तिथे बसून राहतो आणि नटाखाली गंज धरतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी खोलून घासा. त्याच वेळी दोन्ही बॅटऱ्यांचा मिळून व्होल्टेज १९च्या खाली जात असेल, तर बॅटरीत दम उरलेला नाही.

इंजिन चालू करून

आता मल्टिमीटरवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. २५च्या आसपास अडकले असतील किंवा बॅटरीचा दिवा जात नसेल, तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. अनेक इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून पट्टा तुटलेली गाडी पुढे नेऊ नका.

‘अल्टरनेटर चालतो का’ हे बघायला चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून पाहणारे अजून भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड, प्रसंगी ईसीएमही जळतो. तसंच २४ व्होल्टच्या ट्रकला १२ व्होल्टच्या पिकअपवरून केबल लावू नका. चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर आधी सोडा.

आता मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवा. एबीएसची जुनी नोंद असेल तर चाकं फिरून वेग मिळाल्यावर दिवा बऱ्याचदा आपोआप जातो. चेक इंजिन आणि युरियाचा दिवा मात्र गाडी काही वेळा चालू-बंद होऊन चालल्यावरच विझतो, तेवढी वाट बघा.

युरियाच्या दिव्याबद्दल

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) ट्रकमध्ये चावी बंद केल्यावर युरियाचा पंप नळ्यांतला द्रव टाकीत परत ओढतो. त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. लगेच कटऑफ (बॅटरी तोडणारा स्विच) फिरवलात तर द्रव आतच वाळतो, खडे धरतात आणि दिवा पेटतो. आणि शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकीत घालू नका. टाकीतला द्रव ३२.५ टक्के शुद्ध युरियाचा असतो, खताच्या गोणीतल्या युरियाने कॅटॅलिस्ट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) खराब होतो.

तरीही दिवा राहिला तर

कंट्रोलरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पण कोड (बिघाडाचे क्रमांक) पुसण्याआधी वाचून लिहून ठेवायला सांगा. मोठ्या ट्रकमध्ये एसपीएन १६८, लहान पिकअपमध्ये पी ०५६२ दिसला, तर तो पुरवठ्याच्या व्होल्टेजचा आहे. ‘यू’ने सुरू होणारे कोड कंट्रोलरांच्या आपसातल्या संपर्काचे. असे कोड पुसल्यावर परत आले नाहीत तर काम संपलं. एखाद्या चाकाच्या सेन्सरचा किंवा युरियाच्या पंपाचा कोड पुन्हा येत असेल, तर तो खरा बिघाड समजा आणि त्याच पार्टची तपासणी करून घ्या.