सर्व्हरवरचा एसएमबी १ बंद करताना

विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुना सर्व्हर चालवत असाल, तर त्यावर एसएमबी १ बहुधा सुरूच असेल. इन्स्टॉल करतानाच तो सोबत येतो. फाइल शेअरिंगचा हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकातला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस यातल्याच भोकातून जगभर पसरला. त्या भोकावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण पॅच म्हणजे ठिगळ. एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही, ते पॅचने येत नाही.

बंद करायला दोन मिनिटं पुरतात. वेळ जातो तो, अजून कोण वापरतंय हे शोधण्यात.

आधी ऑडिट. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि 'सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन' या कमांडने 'ऑडिटएसएमबी१अ‍ॅक्सेस' ट्रू करा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीसर्व्हर असं उतरत ऑडिटपर्यंत जा. एसएमबी १ ने कोणी आलं की तिथे ३००० क्रमांकाची नोंद पडते आणि तीत क्लायंटचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर बहुतेक वेळा एक्सपीवाला पीसी, जुना नॅस (नेटवर्कवरच्या स्टोरेजचा) बॉक्स नाहीतर कॉपिअर सापडतो.

ऑडिट किमान महिनाभर चालू द्या. मी एकदा आठवड्याचा लॉग कोरा बघून प्रोटोकॉल बंद केला. एक तारखेला अकाउंट्समधून फोन आला, 'स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाहीये.' ते कॉपिअर महिन्यातून एकदाच सर्व्हरवर स्कॅन पाठवत होतं.

लॉग शांत राहिला, की त्याच कमांडने 'इनेबलएसएमबी१प्रोटोकॉल' फॉल्स करा. लगोलग 'एसएमबी२' नावाचंही एक सेटिंग दिसेल, त्याला हात लावू नका. एसएमबी ३ त्याच्याच जिवावर चालतो, ते बंद झालं की दोन्ही जातात. फायरवॉलमध्ये ४४५ पोर्ट बंद करणं हाही उपाय नव्हे. नव्या आवृत्त्या त्याच पोर्टवरून बोलतात, त्यामुळे सगळंच शेअरिंग थांबेल.

या टप्प्यावर रीस्टार्ट लागत नाही, आणि कुठे काही अडलं तर सेटिंग परत ट्रू करता येतं. म्हणून फीचर थेट काढून टाकण्याआधी मी काही दिवस इथेच थांबतो.

कुणाची तक्रार आली नाही, तर सर्व्हर मॅनेजरमध्ये मॅनेज, मग रिमूव्ह रोल्स अँड फीचर्स. फीचर्सच्या यादीत 'एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' समोरची खूण काढा. आता मात्र रीस्टार्ट लागेल, तेव्हा रात्रीची वेळ ठरवून ठेवा. सर्व्हर २०१९ पासून हे फीचर आपोआप इन्स्टॉल होत नाही. पण जुन्यावरूनच अपग्रेड केला असेल तर एकदा यादी बघाच.

त्या कॉपिअरचं म्हणाल, तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबी २ चा पर्याय होता, फर्मवेअर अपडेट केल्यावर दिसला. ज्याला तेवढंही जमत नाही, त्याचे स्कॅन ईमेलने पाठवायला लावा.