ग्लायडर नाक वर करतं आणि धपकन पडतं? या चुका टाळा

डिसेंबर आला की शाळांची सायन्स एक्झिबिशनं सुरू होतात आणि सोसायटीतली पोरं थर्माकोलची विमानं घेऊन माझ्या दारात, "काका, हे उडतच नाही". सोबतचे बाबा लगेच सांगतात, पंखाचा शेप चुकलाय. शेप बीप काही नाही हो, बहुतेक वेळा वजन चुकीच्या जागी असतं.

आधी नीट बघा पडतंय कसं. फेकल्यावर नाक वर करतं, क्षणभर थांबतं, मग नाक टाकून खाली, परत वर, असं हेलकावे खात आलं तर शेपूट जड आहे. दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून उचला. साधा आयताकृती पंख असेल तर पुढच्या कडेपासून पाव भाग किंवा जरासं मागे तोललं पाहिजे, म्हणजे पंख 8 सेंटिमीटर रुंद असेल तर 2 ते अडीच सेंटिमीटरवर. शेपूट खाली गेली तर नाकाला क्ले लावा, पण चिमूट चिमूट, एकदम लाडू नको, नाहीतर सरळ मातीत घुसेल.

हे हेलकावे म्हणजेच स्टॉल. हवा ज्या दिशेने येतेय तिच्याशी पंखाचा कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेला की वरची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते, आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, एकदम कमी होते. खूप जणांना वाटतं स्टॉल म्हणजे गाडीसारखं इंजिन बंद पडणं. चूक. 2009 मध्ये अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स 447 ची दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती, विमान मात्र नाक वर ओढलेलं, स्टॉलमध्येच खाली आलं. सुटायचं तर नाक खाली करावं लागतं आणि घाबरलेला हात नेमका उलटं करतो.

दुसरी चूक वाऱ्याची. शिवाजी पार्कात दुपारनंतर पोरं समुद्राकडे पाठ करून फेकतात, लांब जाईल म्हणून. वारा मागून आला की पंखावरून जाणारी हवाच कमी होते आणि लिफ्ट तर वेगाच्या वर्गाने बदलते, वेग अर्धा झाला तर लिफ्ट पाव. घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणारी विमानं बघा की, समुद्राचा वारा असताना तोंड पश्चिमेलाच, वाऱ्यावर. आणि फेकायचं सरळ पुढे, क्रिकेटच्या थ्रोसारखं वर नाही.

एकाच बाजूला वळत असेल तर मागून डोळ्यासमोर धरून बघा, एक पंख पिळलेला असतो.

चार्टवरही चुका असतातच. "वरची हवा लांबून जाते आणि खालच्या हवेला बरोब्बर मागच्या कडेला गाठते" हे कृपा करून लिहू नका, प्रत्यक्षात वरची आधीच पोचते, शिवाय तसं असतं तर विमानाला उलटं उडताच आलं नसतं. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून हवा त्याला वर ढकलते, एवढं लिहिलं तरी परीक्षक खूश.

आणि परत येणाऱ्या अंतराळयानाला सुईसारखं टोक काढू नका. ते तापतं ते मुख्यतः समोरची हवा प्रचंड दाबली गेल्यामुळे, नुसतं घासून नाही. बोथट नाक असलं की शॉक वेव्ह, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेची लाट, पुढे अंतरावर राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच निघून जाते. इस्रोची एसआरई-1 ही कुपी जानेवारी 2007 मध्ये बंगालच्या उपसागरात उतरली, तिचंही नाक बोथटच.

हां, एक राहिलं. शेपटीचा फेविकॉल ओला असताना बॅलन्स बघू नका. रात्री अगदी बरोबर तोललेलं विमान सकाळी नाकावर पडतं, कारण गोंद वाळला, शेपूट हलकी झाली, आणि नाकावरची क्ले तेवढीच राहिली.