लिफ्टच्या शाफ्टमधील पोलादी आधारांना अग्निसंरक्षण कसे द्यावे

पणजी, मडगाव किंवा वास्कोतील जुन्या गृहसंस्थांना बाहेरून लिफ्ट जोडताना शाफ्टसाठी अनेकदा पोलादी सांगाडा उभारतात आणि त्यात चिऱ्यांची, ब्लॉकची किंवा बोर्डाची भिंत भरतात. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 च्या चौथ्या भागानुसार या भिंतीची अग्निरोधक क्षमता 120 मिनिटांची असावी लागते. भिंत मात्र ज्या तुळईवर उभी आहे ती तुळई तेवढा वेळ टिकली, तरच या आकड्याला अर्थ उरतो. प्रमाणित अग्निचाचणीत भट्टीचे तापमान अर्ध्या तासातच सुमारे 840 अंश सेल्सिअसवर पोचते, आणि 550 ते 600 अंशांच्या दरम्यान पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

म्हणून आधी आराखड्यावर शाफ्टमधल्या पोलादाची वर्गवारी करावी. भिंतीचा किंवा स्लॅबचा भार घेणारे खांब, तुळया आणि भिंत पेलणारे अँगल यांना भिंतीइतकेच, म्हणजे 120 मिनिटांचे संरक्षण द्यावे. बोर्डाच्या भिंतीच्या आतील पातळ पत्र्याचे उभे चॅनेल त्या भिंतीच्या चाचणीतच धरलेले असतात. त्यांना वेगळा अग्निसंरक्षक लेप लागत नाही, पण चाचणी झालेल्या रचनेत बदल करू नये. मार्गदर्शक रूळ (ज्यांना धरून पिंजरा वरखाली सरकतो) आणि त्यांचे ब्रॅकेट केवळ लिफ्टचे असतील, तर त्यांना सहसा संरक्षणाची गरज नसते. खरा घोळ होतो तो दोन लिफ्टमधल्या दुभाजक तुळईबाबत. ती फक्त रूळ धरत असेल तर एक गोष्ट, पण तीच खांबांना आडवा आधार देत असेल तर ती पहिल्या गटात जाते. हा निर्णय साइटवर तोंडी न घेता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावा.

लेपाची जाडी तुळईच्या किंवा खांबाच्या आडव्या छेदाच्या आकारावर ठरते. आगीला सामोरी जाणारी परिमिती भागिले छेदाचे क्षेत्रफळ, हे गुणोत्तर जितके मोठे तितके पोलाद लवकर तापते. चारही बाजू उघड्या असतील तर आयएसएमबी 400 साठी (भारतीय मानकातील 400 मिलिमीटर उंचीची आय-आकाराची तुळई) ते दर मीटर सुमारे 171, तर आयएसएमबी 200 साठी सुमारे 244 येते. अशा हलक्या छेदाला आगीच्या उष्णतेने फुगणाऱ्या संरक्षक रंगाने 120 मिनिटे मिळवणे अवघड आणि महाग पडते. त्याच तुळईभोवती कॅल्शियम सिलिकेट बोर्डाची पेटी केली, तर गुणोत्तर सुमारे 186 वर उतरते. शाफ्टमध्ये माझा कल बोर्डाकडेच आहे, कारण लिफ्ट वरखाली जाताना हवेचा दाब सतत बदलतो आणि मऊ फवारलेल्या लेपाचे कण सुटून रुळांवर व दरवाजांच्या खोबणीत पडतात. फवाराच हवा असेल, तर जास्त घनतेचा निवडावा.

गोव्याच्या हवेत पोलादाच्या पृष्ठभागाची तयारी टाळून चालत नाही. खारट दमट हवेत गंजलेल्या पोलादावरचा लेप पुढे गंजासकट सुटतो. म्हणून ब्लास्टिंग करून (दाबाने कण मारून गंज काढून) लेपाशी जुळणारा प्राइमर लावावा. बहुतेक उत्पादक रंगकामासाठी 85 टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता आणि दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश अधिक तापलेले पोलाद मागतात. जून ते सप्टेंबरात बंदिस्त शाफ्टमध्ये या अटी पाळणे कठीणच, त्यामुळे हे काम पावसापूर्वी उरकावे. रंगाची जाडी मोजताना प्राइमरची जाडी आधीच नोंदवून ती वजा करावी.

ब्रॅकेटचे वेल्डिंग आणि बोल्ट लेपाआधी व्हावेत. संरक्षित तुळईला जोडलेल्या असंरक्षित पोलादातून उष्णता आत शिरते, म्हणून त्या जोडपोलादावरही लेप उत्पादकाने सांगितलेल्या अंतरापर्यंत न्यावा. हे अंतर बहुधा 450 ते 500 मिलिमीटर असते. तुळई आणि भिंत यांमधली फट साध्या सिमेंटने न बुजवता चाचणी झालेल्या अग्निरोधक सीलंटने भरावी.

लिफ्ट बसवणाऱ्यांचे काम संपल्यावर आणि अग्निशमन खात्याच्या तपासणीपूर्वी शाफ्ट पुन्हा पाहावी व रूळ बसवताना खरवडलेल्या जागा दुरुस्त कराव्यात. लिफ्ट सुरू झाल्यावर तिथे पोचण्यासाठी ती बंद ठेवून पिंजऱ्याच्या छतावर उभे राहावे लागते.