गाउचोंच्या चांदीच्या सुऱ्या जमवताना या चुका टाळा

अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या गवताळ मुलखातले गुराखी म्हणजे गाउचो. त्यांच्या चांदीने मढवलेल्या सुऱ्यांचा नाद अलीकडे आपल्याकडच्याही काही जणांना लागलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नवे हौशी पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू एका दुपारीत वाया घालवतात, ते बघवत नाही.

सगळ्यात वाईट चूक पॉलिशची. ओळखीतल्या एका तरुणाने ब्युनोस आयर्सच्या सान तेल्मो भागातल्या रविवारच्या बाजारातून एक देखणा फाकोन घेतला. फाकोन म्हणजे गाउचो कमरेला पाठीमागे खोचतात ती लांब सुरी. मूठ चांदीची, म्यानाच्या तोंडाशी आणि टोकाच्या शेंबीवर फुलापानांची कोरीव नक्षी, मधोमध मूळ मालकाची सोन्याची आद्याक्षरं. नक्षीच्या खाचांतला काळेपणा त्याला मळ वाटला. त्याने ती एका पॉलिशवाल्याकडे दिली आणि त्याने सरळ मोटरवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर, म्हणजे बफवर, धरली. नंतर मी भिंगातून पाहिलं. पाकळ्यांच्या कडा गोल झालेल्या, कोरणीच्या बारीक रेघा सपाट, चांदीची शुद्धता हजारात किती ते सांगणाऱ्या 800 च्या ठशातला फक्त 8 वाचता येत होता आणि सोन्याच्या एका अक्षराची कड झिजून खालची चांदी उघडी पडली होती. याला इलाज नाही. पुन्हा कोरून घेतलं तर ते आजच्या कारागिराचं काम झालं, जुनं गेलं ते गेलंच.

हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर चढतो, तोच हा काळेपणा. खाचांत तो राहिला तरच नक्षीला उठाव येतो. बुडवून चकचकीत करणारी द्रावणंही हा थर खाचांतून उचलून नेतात, त्यामुळे घाईच्या लोकांची ही आवडती पळवाट मला अजिबात मान्य नाही. मी मऊ सुती कापड घेऊन फक्त वरचे उंचवटे हलक्या हाताने पुसतो आणि थांबतो. थांबता येत नसेल तर हात लावू नका.

दुसरी चूक अल्पाकाला चांदी समजण्याची. अल्पाका म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. नावापुरतीही चांदी त्यात नसते. खिशात लोहचुंबक घेऊन फिरणारे खूप भेटतात, पण अल्पाकालाही चुंबक चिकटत नाही, मग त्या परीक्षेचा उपयोग काय? जास्त हाताळल्या जाणाऱ्या कडा बघा. तिथे पिवळसर झाक दिसली तर मला लगेच शंका येते. 800 किंवा 900 चा ठसा असला तरी मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही, कारण ठसा कुणीही मारू शकतो. मोठी रक्कम द्यायची असेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी नायट्रिक आम्लाचा थेंब लावून बघायला सांगा: हिरवा फेस आला तर चांदी नाही. विक्रेता नाही म्हणाला तर मी नमस्कार करून निघतो. चांगला अल्पाकाही जमवावा, मात्र अल्पाकाच्याच भावात.

पात्यावर जर्मनीच्या सोलिंगेनचा ठसा दिसला की काही जण सुरी खोटी ठरवून परत ठेवतात. पण पाती तिथून किंवा इंग्लंडच्या शेफिल्डहूनच यायची आणि चांदीचं काम स्थानिक सोनार करायचे. ब्योकर कंपनीचं झाडाचं चिन्ह असलेली पाती तर तिकडे ‘आर्बोलितो’, म्हणजे छोटं झाड, म्हणून घरोघरी माहीत आहेत. जुन्या तलवारी आणि संगिनी कापूनही फाकोन बनले आहेत, तेव्हा पात्यावरचा सैनिकी ठसा बघूनही दचकू नका.

म्यान आणि सुरी एकमेकांची आहेत का, ते मात्र नीट तपासा. दोन्हींवरची नक्षी एकाच हाताची दिसायला हवी आणि सुरी शेवटपर्यंत बसायला हवी.

सुरी चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पात्याला गंज चढतो. मी पात्याला तेलाचा पातळ हात देऊन ते म्यानाबाहेर ठेवतो. रबरबँड तर जवळही नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

जुन्या पात्याला धार लावू नका. कधीच.

भारतात आणणार असाल तर पातं आधी मोजा. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या अशा सुऱ्या आपल्या शस्त्र नियमांत येतात, म्हणून परवान्याची चौकशी पैसे देण्याआधी करा.