थंडीतली रोपं: आधी ऊब, मग उजेड

ग्वाल्हेरात डिसेंबर अर्धा सरला की धुकं धरतं आणि जानेवारीत कधी कधी दुपारपर्यंत ऊन डोकावत नाही. पण फेब्रुवारीच्या मध्यानंतर लावायची मिरची, टोमॅटो, वांगी याच दिवसांत पेरायची असतात. शहराच्या लष्कर भागात गच्चीवर कुंड्या करणारे असोत की मुरार भागाकडचे मळेवाले, खोलीत दिव्याखाली रोपं करणं दोघांनाही जमेल. मात्र क्रम चुकवू नका. बियाण्याला ऊब लागते, कोंबाला उजेड.

मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवसांत उगवतं. गार मातीत ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि बरंचसं कुजतं. एलईडीच्या उजेडानं माती तापत नाही. म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून पेरलेला प्रोट्रे (रोपांसाठीचा खणाखणांचा ट्रे) प्लॅस्टिकनं झाकून स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर ठेवा. रोज सकाळी कोकोपीटला बोटं टेकवा. गार लागलं तर जागा बदला.

पहिला कोंब मान वाकवून वर आला, की त्याच दिवशी प्लॅस्टिक काढून ट्रे दिव्याखाली न्या. पहिल्या वर्षी मी ट्यूब दोन फूट वर टांगली होती. पाचव्या दिवशी रोपं सुतासारखी लांब, दांड्या पांढुरक्या, आणि पाणी घालताच सगळी आडवी. फार जीव हळहळला. असा टोमॅटो खोल लावून सावरता येतो, मिरचीचं तसं होत नाही.

साधी पांढरी २० वॉटची एलईडी ट्यूब पुरते. जांभळ्या महागड्या दिव्यांवर पैसे घालू नका. पानांपासून चार-सहा इंचांवर सुतळीनं टांगा, रोपं वाढतील तशी वर घ्या. रोज १४ ते १६ तास उजेड, रात्री अंधार. दोन ट्यूब १४ तास चालल्या तरी वीज ०.५६ युनिटच जाते. वायरीवर पाणी उडू देऊ नका.

थंडीत रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्यानं. बुडखा काळा पडून रोप कोलमडलं की समजा मर, म्हणजे बुरशीचा रोग, लागली. वरचा थर सुकल्यावरच, सकाळी, कोमट पाणी खालून द्या. कोकोपीटमध्ये आधीच किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेला बरा.

लावणीआधी आठ-दहा दिवस रोपं उन्हाला सरावू द्या: पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात तासभर, मग वेळ वाढवत न्या, रात्री आत. रात्रीचा पारा सलग १० अंशांच्या वर राहू लागला की संध्याकाळी लावा. धुकं परतलं तर दोन-चार दिवस थांबा.