मातीत अभ्रक मिसळताय? या चुका टाळा

कृष्णेच्या वाळूवर ऊन पडलं की कण लुकलुकतात. सातारा-सांगलीकडे घरच्या घरी कुंभारकाम करणारे अनेकजण इथेच फसतात: वाळू चाळतात आणि अभ्रक मिळालं असं समजून मातीत घालतात. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात अभ्रक जवळपास नसतंच. इथे चमकतं ते बहुधा कॅल्साइट, झिओलाइट नाहीतर गार.

यातला घात करणारा कॅल्साइट. भट्टी साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की त्याचा कळीचा चुना होतो आणि भांडं बाहेर आल्यावर हवेतली ओल ओढून तो फुगतो. छान भाजलेलं मडकं मग काही दिवसांनी फळीवर ठेवल्या जागी टवके सोडतं. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांनीही हेच होतं. म्हणून अभ्रकाला दोष देण्याआधी टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका आहे का, ते पाहा.

ओळख सोपी आहे. कण सुईने वाकवा. अभ्रकाचा पापुद्रा वाकतो आणि सोडला की पुन्हा सरळ होतो. कॅल्साइट मोडतो, आणि फरशी धुण्याच्या ॲसिडचा थेंब पडला की फसफसतो.

मग खरं अभ्रक आणायचं कुठून? घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की खडक बदलतो, तिथे अभ्रक आहे. पण परवानगीशिवाय खणू नका. बाजारातला माल मुख्यतः झारखंडचं कोडरमा, आंध्रातलं गुडूर आणि राजस्थानातलं भिलवाडा इकडचा. कोडरमा भागात लहान मुलं अभ्रक वेचतात हे वारंवार उघड झालं आहे, तेव्हा माल कुठून येतो हे व्यापाऱ्याला जरूर विचारा. शिवाय दळण ओलं की कोरडं, हेही विचारा. ओल्या दळणाच्या अभ्रकाची झळाळी जास्त टिकते. फार बारीक भुकटी घेऊ नका, भाजल्यावर कण दिसतच नाहीत.

आयुर्वेदिक दुकानातलं अभ्रक भस्म इथे निरुपयोगी आहे. ते 'निश्चंद्र', म्हणजे अजिबात चमक न उरलेलं असावं, हीच त्याची कसोटी! रेझिन कामाची 'मायका पावडर' बहुतेकदा रंग चढवलेली असते आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, तो रंग टिकेलच असं नाही. नर्सरीतलं व्हर्मिक्युलाइट अभ्रकाच्याच गोतातलं, पण आधीच भाजून फुलवलेलं असतं; त्याने भांडं हलकं आणि ठिसूळ होतं.

प्रमाणात घाई करू नका. १ किलो कोरड्या मातीला ५०, १०० आणि १५० ग्रॅम अशा तीन पट्ट्या करा, प्रत्येकीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि वाळल्यावर, भाजल्यावर ती किती आखडली ते मोजा. अभ्रक वाढलं की मातीचा चिवटपणा घटतो आणि चाकावर काठ फाटतो. माती आधी गाळा, अभ्रक नंतर घाला. उलट केलं तर पापुद्रे चाळणीवरच राहतात.

नुसती चमकच हवी असेल तर सगळ्या मातीत अभ्रक घालणं म्हणजे पैसा वाया घालवणं, असं माझं ठाम मत आहे. पातळ मातीत कालवून फक्त वरचा लेप द्या. भांडं अर्धवट सुकलं की गुळगुळीत गोट्याने घोटा. त्याने पापुद्रे पृष्ठभागाला समांतर बसतात आणि तीच खरी चमक. घोटल्यावर मात्र खरवडू नका. चुलीवरच्या भांड्यासाठी अंगातच अभ्रक हवं, कारण तापण्या-निवण्याच्या झटक्यात तडा पसरताना पापुद्र्यांशी अडतो.

सर्वांत महाग पडते ती भट्टीतली चूक. साध्या पांढऱ्या अभ्रकाला आपला पारंपरिक आवाच मानवतो. विजेच्या भट्टीत १००० अंशांपुढे त्यातलं बांधलेलं पाणी निघून गेलेलं असतं आणि चमक मरते. आणखी वर नेलं तर त्यातलं पोटॅश मातीला वितळायला मदत करतं आणि भांडं मऊ होऊन खचतं. चमक हवी तर ७०० ते ८०० अंशांत थांबा. हवा खेळती ठेवली तर लालसर अंगावर सोनेरी छटा येते. भुशाखाली कोंडलं तर काळ्यावर रुपेरी.

अभ्रकाची धूळ फुप्फुसांत साठते. कोरडं मिसळू नका, आधी पाण्यात भिजवा. पोतं उघडताना साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. आणि काम झाल्यावर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.