पालकांसोबत बालसाक्षरतेचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नवीन आलेल्यांचा सगळा जोर मुलांना गोष्ट रंगवून सांगण्यावर असतो. मुलं खूश होतात, पालक मागे भिंतीला टेकून बसतात आणि घरी काहीच बदलत नाही. इथे शिकायचंय ते पालकांनी. म्हणून तासाभराच्या सत्रात सुलभकाने, म्हणजे सत्र घेणाऱ्याने, वाचून दाखवायचं ते जेमतेम दहा मिनिटं. पुढची निदान वीस मिनिटं प्रत्येक पालक आपल्याच मुलाला जवळ घेऊन तेच पुस्तक हाताळेल आणि तुम्ही फिरत राहाल. आठ-दहा कुटुंबं पुरेत. त्याहून जास्त झाली की कुणाजवळ धड बसता येत नाही.

पालकांना शिकवायचं ते संवादी वाचन, म्हणजे पुस्तक दाखवता दाखवता मुलाला बोलतं करणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांकडून महिनाभर घरी असं वाचन करून घेतलं, तेव्हा मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. पद्धत साधी आहे: विचारा, दाद द्या, वाढवा, पुन्हा म्हणवून घ्या. ‘मांजर कुठे लपलंय?’ मूल म्हणतं, ‘तोपलीत.’ ‘हो, टोपलीत! मोठ्या लाल टोपलीत. कुठल्या टोपलीत?’ उच्चार चुकला असं सांगायचं नाही. बरोबर शब्द आपल्या तोंडून सहज जाऊ द्यायचा.

घोळ होतो तो प्रश्नांचा. ‘हे काय? ते काय?’ असा मारा झाला की ती परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटून उठतं. दुसरं म्हणजे, पालक उत्तराला वेळच देत नाहीत. प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजायला सांगा. लहान मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

पहिल्या सत्रात कुणालाही मोठ्याने वाचायला लावू नका. ज्यांना वाचता येत नाही ते पुन्हा फिरकत नाहीत, आणि खरं तर त्यांनाच आपली जास्त गरज असते. बिनशब्दांची चित्रपुस्तकं ठेवा आणि घरच्या बोलीतच बोलायला सांगा.

‘लिहायला कधी शिकवणार?’ हे हमखास विचारलं जातं. आधी कानाची तयारी: ‘पा-णी’ला दोन टाळ्या, ‘कि-ना-रा’ला तीन. अक्षरांची सुरुवात मुलाच्या नावापासून करा. गिरवण्याची घाई नको, बोटांत अजून तेवढी ताकद नसते. रेघोट्या मारू द्या आणि ‘काय लिहिलंस?’ असं विचारा.

दर आठवड्याला एक पुस्तक घरी द्या. वहीत तारीख आणि नाव एवढी नोंद पुरे. फाटलं तर दंड नको. दंडाच्या धास्तीने पुस्तक कपाटावर जातं आणि तसंच कोरं परत येतं. पिशवीत चिकटपट्टी घालून द्या. मुलाने तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर खुशाल द्या.

गळती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. धाकट्या भावंडांना सांभाळायला एक माणूस ठेवा, वेळ पालकांना विचारून ठरवा, आदल्या संध्याकाळी फोन करा. आणि पुस्तक परत घेताना ‘वाचलं का?’ असं पालकांना विचारण्यापेक्षा मुलाला एक पान उघडून द्या. घरी बोलणं झालं असेल तर ते आपणहून सांगू लागतं.